दगड होता तसा ठेवायचा

नमस्कार मंडळी. विषय भारी दिलाय, लहान मुलं आणि निसर्गाशी नातं वगैरे, पण मी बालवाडीची बाई, मला ओहोटीला पोरांना खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, घेऊन जाते तेवढंच सांगता येईल.

आमचा तिथे एकच नियम, दगड उलटवलात तर होता तसा परत ठेवायचा. कारण खालच्या अंगाला समुद्री गोगलगायींची अंडी चिकटलेली असतात, नखाएवढे खेकडे असतात, आणि आपण दगड पालथा टाकून पुढे गेलो की उन्हात सगळं सुकून जातं. चार वर्षांच्या पोराला पर्यावरण कळत नाही हो, पण कोणाच्या घराचं छप्पर काढलं तर परत घालायचं हे बरोब्बर कळतं.

माझीच एक चूक सांगते. एका मुलाने शंखात राहणारा खेकडा पाण्याच्या बाटलीत भरला आणि मी कौतुकाने घरी नेऊ दिला. सकाळी मेलेला. हा प्राणी कल्ल्यांनी श्वास घेतो, झाकण लावलेल्या बाटलीत किती टिकणार? मुलाने विचारलं, बाई, माझ्यामुळे मेला का? मी म्हटलं नाही रे, म्हातारा होता. साफ खोटं! दोन दिवस झोप लागेना, मग त्याला जवळ घेऊन सांगितलं की चूक माझी, मीच नको म्हणायला हवं होतं. तेव्हापासून आम्ही रिकामे शंखसुद्धा उचलत नाही, कारण या खेकड्याला स्वतःचा शंख बनवता येत नाही, वाढला की किनाऱ्यावरच मोठा शोधावा लागतो.

आता अवघड भाग. बाई सांगते प्राण्यांना त्रास देऊ नका आणि घरी बांगडा तळलेला असतो, मग पोरं विचारणारच. मी मासे सोडा म्हणत नाही, मला स्वतःला सुटणार नाहीत. मी त्यांना होड्या दाखवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, का तर तो माशांच्या विणीचा काळ. पोरांना हे पटतं. आणि त्याच पावसात बाबा बॅटरी घेऊन ओढ्यावर चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, धरायला जातात, गाभोळीने म्हणजे अंड्यांनी पोट भरलेले! हसू नका, पोरं मला येऊन सगळं सांगतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला तर एकेकाळी किनाऱ्यावरची समुद्री कासवांची अंडी खणून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. एकेका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस. तिथे पिल्लं समुद्राकडे सरपटत जाताना बघायला पोरांना न्या, पण हात मागे बांधून. उचलून पाण्यात सोडायची घाई मोठ्यांनाच जास्त असते, आणि मोबाईलचे लाईट तर काय विचारू नका, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, रात्री चुकीकडे वळतात.

परवा एका आजोबांनी कुर्ली, म्हणजे खेकडा, धरायला दगड उलटवला तर नात म्हणाली, आजा, झाकण लाव. त्यांनी लावलं, पण नंतर माझ्याकडे तक्रार घेऊन आले. बरं, उद्या सकाळी ओहोटी आहे, यायचंय त्यांनी या, फक्त पट्ट्याच्या चपला घाला, शेवाळ फार निसरडं झालंय.