साहेबांविरुद्ध अर्ज

तालुका कोर्टाच्या आवारात, झाडाखाली टायपिस्टचं टेबल. समोर बसलेल्या पक्षकाराला टायपिस्ट विचारतो, "कुणाविरुद्ध?" तो आवाज खाली आणतो. "साहेबांविरुद्ध."

साहेब म्हणजे इथले न्यायाधीश. हा अर्ज उच्च न्यायालयात जाईल. राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. सोबत प्रतिज्ञापत्र हवं, पडताळता येईल असा पुरावा हवा. निकाल विरोधात गेला, एवढ्यावर तक्रार टिकत नाही. त्यासाठी अपील आहे. पण पैसे मागितले, एकाच पक्षाला चेंबरमध्ये बोलावून घेतलं, तर ती गैरवर्तणूक. कोणत्या तारखेला, किती वाजता, तिथे आणखी कोण होतं, सगळं लिहायचं. मोघम लिहिलं की अर्ज तिथेच संपला.

उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पदावरून दूर करायचं, तर प्रश्न थेट संसदेत जातो. लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० खासदारांच्या सह्या, तिघांची चौकशी समिती, मग मतदान.

न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी सर्वोच्च न्यायालयात होते. आरोप त्याआधीचे, चंदिगडला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असतानाचे: निवासस्थानाच्या सजावटीवर, सामानावर उधळलेला सरकारी पैसा. चौकशी समितीचे अध्यक्ष होते मराठी न्यायमूर्ती, पी. बी. सावंत. आपल्याच न्यायालयातल्या सहकाऱ्याची चौकशी त्यांनी केली आणि दोषी ठरवणारा अहवाल दिला. केवढं अवघड काम ते!

११ मे १९९३. लोकसभेत ठरावाच्या बाजूनं १९६ मतं. विरोधात एकही नाही. २०५ खासदार तटस्थ बसून राहिले. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत न मिळाल्यानं ठराव पडला. न्यायमूर्ती पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

त्यानंतर काही वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं अंतर्गत चौकशीची पद्धत आणली. न्यायमूर्तींची चौकशी न्यायमूर्तीच करतात, अहवाल सरन्यायाधीशांकडे जातो. असा एक अहवाल जाहीर करण्याची मागणी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. खोट्या तक्रारींपासून न्यायाधीशांना संरक्षण हवंच, ते नसेल तर निर्भयपणे निकाल कोण लिहील? पण शपथेवर तक्रार करणाऱ्याला, तिचं काय झालं, हे कळायलाच हवं.

झाडाखाली कागद टाइप होऊन आला. पक्षकारानं दोनदा वाचला, सही केली. पोस्टाची पावती घडी घालून खिशात ठेवली. खटल्याची पुढची तारीख सोमवारी आहे. त्याच कोर्टात, त्याच साहेबांसमोर.