लॅरमी किल्ल्याजवळची गाय

श्रोतेहो, नमस्कार. १८४० नंतर ओरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे निघालेले गोऱ्या वसाहतवाल्यांचे गाड्यांचे तांडे प्लॅट नदीच्या काठाने लाकोटा या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांच्या मुलखातून जाऊ लागले. १८५१ साली अमेरिकन लष्कराच्या लॅरमी किल्ल्याजवळ सरकार आणि या मुलखातील टोळ्या यांच्यात करार झाला. वाटसरूंचे नुकसान झाल्यास टोळीने भरपाई द्यावी, असे त्यात ठरले होते. भरपाई द्यावी, एवढे कृपया ध्यानात ठेवा.

ऑगस्ट १८५४ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाच्या एका वाटसरूची लंगडी गाय तांड्यातून सुटून लाकोटांच्या छावणीत शिरली. सरकारी शिध्याची वाट पाहत हजारो माणसे तेथे थांबली होती, आणि त्यांच्यातील हाय फोरहेड नावाच्या पाहुण्याने ती गाय मारली. परक्याचे जनावर आपल्या शिवारात शिरले म्हणजे काय होते, हे कोंडवाडा पाहिलेल्या आपल्या गावकऱ्यांना मी सांगायला नको. लाकोटांच्या ब्रूले शाखेचा प्रमुख कॉन्करिंग बेअर स्वतः किल्ल्यावर गेला आणि त्याने गायीच्या बदल्यात घोडा देऊ केला. मालकाला मात्र २५ डॉलर हवे होते. भरपाई समोर उभी असतानाही किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांना आरोपी हवा होता, आणि दुसऱ्या टोळीतून आलेल्या पाहुण्याला बांधून देण्याचा अधिकार त्या प्रमुखाकडे नव्हता.

तेव्हा लेफ्टनंट जॉन ग्रॅटन २९ सैनिक, दोन तोफा आणि एक दुभाषा घेऊन निघाला. तो दुभाषा वाटेतच दारू प्यायला आणि छावणीत पोचल्यावर लाकोटांना शिवीगाळ करू लागला. माझे तर ठाम मत आहे की सरहद्दीवर तोफखान्यापेक्षा दुभाष्याची निवड अधिक काळजीने व्हायला हवी, कारण तहाचा प्रत्येक शब्द त्याच्याच तोंडून जातो. बोलणी फिसकटली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि समेटासाठी धडपडणारा कॉन्करिंग बेअरच प्राणांतिक जखमी झाला. मग लाकोटा तुटून पडले. ग्रॅटन, दुभाषा आणि बहुतेक सैनिक जागीच ठार झाले. एक जखमी सैनिक कसाबसा किल्ल्यावर पोचला, पण तोही पुढे दगावला.

सरकारने सूड घेण्यासाठी जनरल विल्यम हार्नी याला पाठवले. ३ सप्टेंबर १८५५ रोजी ब्लू वॉटर ओढ्याकाठी ब्रूलेंचा प्रमुख लिटल थंडर बोलणी करायला पुढे आला आणि हार्नी त्याच्याशी बोलत राहिला, तोवर हार्नीचे घोडदळ वळसा घालून गावाच्या मागे पोचत होते. त्या दिवशी ८६ लाकोटा मारले गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती.