उशिरा पडणारा खटका

[टेबलावरचा दिवा. कारागिराची बोटं रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडतात.]

गोळ्यांची सहा घरं. सहाही रिकामी. तरी तो प्रत्येक घरात करंगळी घालून बघतो, मग दिव्यासमोर धरून आरपार बघतो. आम्ही तीन दिवस चित्रीकरण केलं. रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर हे करायचं तो एकदाही चुकला नाही.

हे कोल्ट या अमेरिकन कंपनीचं ऑफिशियल पोलीस. 1927 साली या मॉडेलला हे नाव मिळालं, आणि 1969 पर्यंत ते बनत राहिलं. त्या काळात अमेरिकेत कित्येक शहरांतल्या पोलिसांच्या कमरेला हेच असायचं. बाहेरून आजही देखणं आहे. आत मात्र एक तुकडा झिजलाय.

[हार्टफर्ड. निळा घुमट, त्यावर सोनेरी चांदण्या.]

कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड. सॅम्युअल कोल्टचा कारखाना इथे उभा राहिला. 1862 मध्ये कोल्ट वारला, दोन वर्षांनी कारखान्याला आग लागली आणि बराचसा भाग जळून गेला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने तो पुन्हा बांधला, घुमटासकट. 1830 साली हाच कोल्ट पोरसवदा खलाशी म्हणून कलकत्त्याच्या जहाजावर चढला होता, आणि त्याच सफरीत त्याने फिरत्या सिलिंडरचा लाकडी नमुना कोरला. 1836 मध्ये अमेरिकेतलं पेटंट मिळालं. कंपनीने 1994 मध्ये ही इमारत सोडली. घुमट राहिला.

[पुन्हा टेबल. बाजूची पट्टी निघते. आतली यंत्रणा, अगदी जवळून.]

आता इथे बघा. नखाएवढा हा लांबट तुकडा. इंग्रजीत याला हँड म्हणतात, आणि काम खरंच हाताचं आहे. घोडा, म्हणजे गोळीवर आदळणारा मागचा भाग, मागे ओढला की हा वर सरकतो, सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलतो, आणि सिलिंडर एक घर पुढे फिरतो. तेवढ्यात खालून खटका वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसतो. टक. घर नळीसमोर आलं.

जुन्या कोल्टमध्ये या हाताला दोन टोकं असतात. एक टोक फिरवायला सुरुवात करतं, दुसरं फेरी पुरी करतं. आणि तेवढ्यावर हा हात सुटत नाही. चाप दाबून धरलात तर तो सिलिंडरला खटक्यावर दाबूनच ठेवतो, जराही हलू देत नाही. जुन्या कोल्टची जी घट्ट पकड जाणकार वाखाणतात, ती या दाबामुळे आहे. झीजही त्यामुळेच होते.

[बोट सिलिंडरवर हलकं टेकलेलं. घोडा सावकाश मागे येतो. मूळ आवाज ठेवावा.]

दोष शोधायची ही रीत. सिलिंडरवर बोटाचा किंचित अडसर ठेवायचा आणि घोडा अगदी हळू मागे घ्यायचा. घोडा पूर्ण मागे जाऊन तिथे अडकून राहण्याआधी खटका खाचेत पडला पाहिजे.

ऐका. घोडा अडकला. खटका पडलाच नाही. बोटाने सिलिंडर केसभर पुढे ढकलला, तेव्हा कुठे पडला.

घोडा झटक्यात ओढला असता तर हे कळलंच नसतं. सिलिंडरला वेग असतो, त्या वेगात तो आपोआप जागेवर जातो आणि झीज लपते. म्हणून अशी रिव्हॉल्व्हरं वर्षानुवर्षं ‘चांगली आहेत’ म्हणून हातोहात विकली जातात. हळू चालवल्याशिवाय यंत्र खरं बोलत नाही.

सहाही घरांवर तो हेच करतो आणि खडूने खूण करतो. एखाद्याच घरावर उशीर झाला असता तर दोष त्या दात्याचा. इथे सहाही उशिरा. म्हणजे हातच आखूड झालाय.

[छोटी ऐरण. हातोडीचे ठोके.]

नवा सुटा भाग आणून बसवला की झालं, असं इथे होत नाही. हा तुकडा प्रत्येक रिव्हॉल्व्हरला हाताने जुळवावाच लागतो. जुन्या कारागिरांची रीत अशी, की त्याच्या सपाट बाजूवर नेमक्या जागी ठोका द्यायचा. पोलाद पसरतं, लांबी केसभर वाढते. जास्त वाढली तर सिलिंडर अडकतो. मग टोकावर दगड फिरवून ती कमी करायची. ठोका, बसव, बघ, काढ. त्या दुपारी आम्ही हे अकरा वेळा पाहिलं. ठोकून लांबवण्यालाही मर्यादा आहे, एका तुकड्याला अशी दुरुस्ती त्याच्या आयुष्यात एकदा-दोनदाच सोसते. हे हातांनी हातांना शिकवायचं काम आहे, आणि त्याच्याकडे सध्या शिकायला कोणी येत नाही. हे जपलं गेलं पाहिजे.

घर नळीसमोर नीट आलं नाही तर गोळीचं शिसं कडेला तासलं जातं आणि सिलिंडर-नळीमधल्या फटीतून बाजूला उडतं; शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यालाही इजा होऊ शकते. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यायची. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने त्यालाही परवाना लागतो.

[संध्याकाळ. पट्टी बसवली. स्क्रू घट्ट. बोट पुन्हा सिलिंडरवर. यापुढे निवेदन नाही, फक्त आवाज.]

पहिलं घर.

[टक. मग घोडा अडकतो. सहाही घरं, एकाच शॉटमध्ये, न कापता.]