दत्तक मूल परदेशी जाते तेव्हा

(बडोद्यातील मराठी पालक व आजी-आजोबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

बडोद्यात दत्तक या विषयावर बोलायचे तर लांबलचक प्रस्तावनेची गरज पडत नाही. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि या शहराला सयाजीराव महाराज मिळाले. त्या काळी गादीला वारस हवा म्हणून दत्तक घेतले जाई. आजचा कायदा मुलाचे हित आधी पाहतो आणि त्याला योग्य घर शोधतो. पण एका गोष्टीकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. गोपाळरावांचे गाव सुटले, तरी भाषा सुटली नव्हती, कारण राजवाड्यात मराठीच बोलली जात होती. आज आपल्यापैकी कोणाचा मुलगा आणि सून टोरांटोहून किंवा फ्रँकफर्टहून येऊन चार वर्षांची मुलगी घेऊन जातात, तेव्हा तिची ओळखीची माणसे, भाषा, हवा, ताटातले वरण-भात हे सगळे एका विमानप्रवासात मागे राहते. त्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल मी बोलणार आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. परदेशस्थ भारतीयांना दत्तक देण्याची प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, यांच्यामार्फत होते आणि तिला आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराचा आधार आहे. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. मूल परदेशी गेल्यावर दोन वर्षे त्याच्या प्रगतीचे अहवाल द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. अनेक घरांत हा अहवाल लिहिणाऱ्या समाजसेविकेसमोर सारे काही आलबेल असल्याचे दाखवले जाते. असे करू नये. मूल रात्रभर किंचाळते, आईला चावते, हे तिला पहिल्याच भेटीत सांगावे. मदत मिळते ती अशा सांगण्यातूनच.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पालक मला नेहमी विचारतात की आधी भरपूर लाड करून मुलाला आपलेसे करावे आणि शिस्तीचे नंतर पाहावे, की पहिल्या दिवसापासून शिस्त लावावी. माझे स्पष्ट मत असे की या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. शिशुगृहात वाढलेल्या मुलाने काय अनुभवलेले असते, ते पाहा. तिथल्या मावश्या मायाळू असल्या तरी त्यांच्या पाळ्या बदलतात. सकाळी भरवणारी मावशी रात्री नसते, आणि एक दिवस ती नोकरी सोडून जाते. मोठी माणसे येतात आणि जातात, हा त्या मुलाचा जगाविषयीचा पहिला निष्कर्ष असतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात लहान मुलाला एका स्थिर, प्रेमळ माणसाची गरज असते हे ठामपणे मांडले. पुढे १९८९ नंतर रुमानियातल्या अनाथालयांतून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत ज्यांना घर मिळाले ती मुले बहुतांशी सावरली. त्याहून अधिक काळ तिथे काढलेल्या मुलांपैकी अनेकांच्या अडचणी मोठेपणीही उरल्या, मात्र काही मुले त्यातूनही चांगली उभी राहिली.

तेव्हा रडल्यावर तेच माणूस पुन्हा पुन्हा जवळ येते, हा अनुभव मुलाला जितका हवा असतो, तितकाच ‘नाही’ म्हटल्यावरही तेच माणूस तिथेच थांबते, हा अनुभव हवा असतो. ज्या घरात सहा महिने प्रत्येक हट्ट पुरवला जातो आणि सातव्या महिन्यात एकाएकी डोळे वटारले जातात, तिथे मुलाच्या दृष्टीने आई-वडीलच बदललेले असतात, आणि त्याने तर हा बदल आधीही भोगलेला असतो.

एक प्रसंग सांगतो, कारण तो घरोघर घडतो. चादर बदलताना आईला उशीखाली अर्धी पोळी आणि चुरडलेले केळे सापडते. किळस वाटून ओरडणे सोपे आहे. पण ताटावरून उठल्यावर पुन्हा जेवण मिळेल याची त्या मुलीला अजून खात्री नाही, इतकाच त्याचा अर्थ. तिच्या हाताला येईल अशा फळीवर तिच्या नावाचा डबा ठेवावा, त्यात राजगिऱ्याची चिक्की, सफरचंद, बिस्किटे असावीत, आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नये. त्याचबरोबर जेवण मात्र ठरल्या वेळी, टेबलापाशी, सगळ्यांसोबतच होईल आणि खाणे अंथरुणात न्यायचे नाही, हेही सांगावे. डबा आणि टेबल या दोन्ही गोष्टी रोज न चुकता झाल्या, की बऱ्याच मुलांची लपवाछपवी हळूहळू थांबते.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांना जड जाणारी आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. काही मुले पहिल्याच भेटीत कोणाच्याही मांडीवर जाऊन बसतात, दुकानात अनोळखी माणसाचे बोट धरतात. ‘किती लाघवी आहे पोर!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. बहुतेकदा ते लाघव नसते. सर्व मोठी माणसे सारखीच, अशी त्या मुलाची समजूत झालेली असते, आणि आई-वडील इतरांहून वेगळे आहेत हे त्याला अजून कळायचे असते. म्हणून पहिले काही महिने भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे आणि लागले-खुपले तर कुरवाळणे ही कामे फक्त आई-वडिलांनीच करावीत. बडोद्याहून मेथीचे लाडू घेऊन गेलेल्या आजीने, नात रडत जवळ आली तर, ‘चल, आपण आईकडे जाऊ या’ असे म्हणून तिला आईच्या हाती द्यावे. छातीवर दगड ठेवून करण्याचे हे काम आहे, याची मला जाणीव आहे. पण त्या काळात स्वयंपाकघर सांभाळून सुनेला मुलीजवळ बसायला मोकळे ठेवणारी आजी नातीसाठी जे करते, ते दुसरे कोणी करू शकत नाही.

आणखी एक काम बडोद्याच्या आजी-आजोबांनाच जमण्यासारखे आहे. मूल गुजरातमधल्या संस्थेतले असेल तर त्याची बोली गुजराती असते, आणि सून कदाचित पुण्याची असते. ‘भूख लागी छे’, ‘बीक लागे छे’ (भीती वाटते), ‘दुखे छे’ एवढी वाक्ये निघण्यापूर्वी तिला शिकवून ठेवा. मूल भीती सांगत असताना ती कोणालाच न कळणे, यासारखा एकटेपणा नाही.

मारण्याविषयी दोन शब्द. स्वीडनने १९७९ मध्ये आणि जर्मनीने २००० मध्ये मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा तिथे ‘एक धपाटा घातला तर काय बिघडले’ हे चालत नाही. पण कायदा नसता तरीही मी हेच सांगितले असते, कारण ज्या हाताने जवळ घ्यायचे त्याच हाताची भीती बसली तर विश्वास कशावर उभा राहणार? तिकडे प्रचलित असलेली, मुलाला खोलीत एकटे बसवण्याची शिक्षाही या मुलांना मानवत नाही. एकटे टाकले जाणे त्यांना फार ओळखीचे असते. मूल बूट फेकू लागले तर बूट काढून घ्यावेत, हात हळूच धरावा, ‘मारू देणार नाही, पण मी इथेच बसले आहे’ असे सांगावे आणि खरोखर तिथेच बसावे. नियम मोजके असावेत आणि दोन्ही पालकांचे एकच असावेत. ‘परत पाठवून देऊ’ हे वाक्य मात्र घरात कोणीही, थट्टेतसुद्धा, उच्चारू नये.

पालकांच्या मनाचेही पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मूल घरी येते आणि आईला काहीच वाटत नाही, असे घडते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माया रोजच्या न्हाऊ-माखू घालण्यातून हळूहळू उपजते. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली तर मात्र डॉक्टरकडे जावे. नोकरीतून मिळेल तेवढी रजा घ्यावी. अमेरिकेत पात्र नोकरदारांना दत्तकासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा कायद्यानेच मिळते.

इतरांना जवळ कधी येऊ द्यावे, असे तुम्ही विचाराल. पडल्यावर मूल आईलाच शोधू लागले, ती दाराबाहेर गेली की कुरकुरू लागले आणि परतल्यावर तिला बिलगून शांत होऊ लागले, की वेळ जवळ आली असे समजावे. मग आई शेजारी बसलेली असताना आजीने पहिल्यांदा भरवावे. ते रुळले की आईने अर्धा तास बाहेर जावे, पुढे तासभर, आणि दर वेळी मुलाला सांगून जावे, डोळा चुकवून जाऊ नये. पाळणाघराचा विचार त्यानंतर करावा.