पिशवीचं अस्तर जाळल्यानंतरची वर्षं

श्रोतेहो, नमस्कार. पाळीत अंगावरून फार जातं, गाठी पडतात, तासादीडतासाला पॅड बदलावा लागतो, हिमोग्लोबिन आठाच्या खाली गेलेलं. गोळ्यांनी भागलं नाही की एक उपाय सुचवला जातो: गर्भपिशवी न काढता आतलं अस्तर जाळायचं. हे एंडोमेट्रियल अ‍ॅब्लेशन. एका पद्धतीत फुगा आत घालून त्यातलं पाणी 87 अंशांपर्यंत तापवतात आणि आठ मिनिटं ठेवतात. पोटावर टाका नाही, बहुतेक बाया त्याच दिवशी घरी जातात.

पुढच्या वर्षांबद्दल मात्र कमी बोललं जातं. बहुतेकींचा रक्तस्राव कमी होतो, काहींची पाळीच थांबते. पण अस्तर पुन्हा वाढू शकतं. अमेरिकेत 2008 साली 3,681 बायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे पाचातल्या एकीची पिशवी पुढे काढावीच लागली, आणि पंचेचाळिशीच्या आतल्यांमध्ये हा धोका दुपटीहून थोडा जास्त होता. म्हणून छत्तीस-अडतीस वर्षांच्या बाईने आधी हार्मोनच्या तांबीबद्दल विचारावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे कितीतरी बायांची नसबंदी झालेली असते. अ‍ॅब्लेशननंतर पिशवीच्या कोपऱ्यात अस्तराचा तुकडा उरला, तर दर महिन्याला तिथं रक्त सुटतं. खाली व्रण धरून वाट बंद, वर नळी बांधलेली. ते रक्त तिथंच साचतं, नळी फुगते आणि एका कुशीला कळ येते. पाळी दिसत नाही, म्हणून बाई गॅसच्या गोळ्या खात राहते. सोनोग्राफी कळ असेल त्याच दिवशी करा. आठवड्याने गेलात तर साचलेलं ओसरलेलं असतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.

नसबंदी नसेल तर गर्भनिरोधन चालूच ठेवा. अ‍ॅब्लेशननंतर दिवस राहिले तर वार पिशवीला घट्ट चिकटू शकते, आणि ते जिवावर बेततं. मूल हवं असेल तर हा उपाय नकोच.

जाळण्याआधीच अस्तराचा तुकडा तपासून घ्या. नंतर व्रणामुळे तपासणीची नळी आत जात नाही आणि कॅन्सरची तपासणी अवघड होते. पाळी गेल्यावर कधीही लाल डाग दिसला, तर नागपूरचं डागा हे बायांचं सरकारी रुग्णालय असो की मेडिकल, ओपीडीत पहिल्याच वाक्यात सांगा, माझं अस्तर जाळलेलं आहे, आणि जुनं डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवा.