फाल्गुन-चैत्रातलं शेतघर

मंडळी, रब्बी निघाली की शेतकरी पावसाळ्यापर्यंत मोकळा, असं आपल्या नागपुरात सर्रास बोललं जातं. चार-पाच एकरांच्या घरी जाऊन बघा. काटोल-कळमेश्वरकडे जा नाहीतर उमरेड-कुहीकडे. होळी ते अक्षय तृतीया त्या घरात बसायला फुरसत नसते, आणि कामं कितीही वेगळी दिसली तरी मुळात काम एकच, ओल काढायचं. दाण्यातली, डाळीतली, कुरोड्यांतली (कुरडयांतली). वर्षाचं खाणं नि बियाणं टिकणार की किडणार, ते इथं ठरतं.

आधी हरभरा. घाटे वाळले, पानं पिवळी पडून गळू लागली की सोंगणी, तीही पहाटेच. दव असतं तोवर घाटा चिवट असतो. ऊन चढल्यावर हात लावला की फुटतो आणि दाणा मातीत. पण दवासोबत आंबही, म्हणजे हरभऱ्याच्या झाडावरचा आंबट चिकटा, ओली असते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून हात झोंबतात. लांब बाह्यांचा सदरा आणि बोटांना फडकं बांधल्याशिवाय बायका वावरात उतरत नाहीत. सोंगलेल्या मालाची गंजी लावली की ताडपत्री हाताशी लागते, कारण अवकाळी आणि गारा याच दिवसांत येतात. पाऊस उघडल्यावरही ताडपत्री तशीच राहिली तर खाली घाम सुटतो आणि दाणा काळा पडतो. पावसापेक्षा या आळसानं जास्त माल जातो, असं माझं मत आहे.

गव्हाला हार्वेस्टर आला, एका दिवसात वावर रिकामं झालं. सोय खरी. पण गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, शेतातच पसरून राहतो, आणि ज्यांच्या गोठ्यात दोन बैल नि एक गाय आहे त्यांना उन्हाळ्यात तोच विकत घ्यावा लागतो. म्हणून पुष्कळ घरं अजून मजूर लावून गहू सोंगतात.

साठवताना गव्हात ओल 12 टक्क्यांच्या आत हवी, हरभऱ्यात 10 च्या. मोजायचं यंत्र घरात नसतं, दात असतात. दाणा चावल्यावर कट्ट आवाज करून तुटला पाहिजे. दबला तर आणखी ऊन. वाळलेला माल तापलेला असताना लोखंडी कोठीत भरू नये. रात्री कोठी गार झाली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी धरते. संध्याकाळी सावलीत निववून मगच भरायचा.

कडधान्याचं दुखणं निराळं. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्याच्या आत शिरून घरी येते. कोठी कितीही स्वच्छ असो, जूनपर्यंत भोकं दिसतात. बियाण्याच्या हरभऱ्यावर म्हणून सात-आठ सेंटीमीटर कोरड्या, चाळलेल्या वाळूचा थर देतात. खायच्या तुरीला त्याहून सोपा उपाय म्हणजे तिची डाळच करून ठेवणं. भुंगेऱ्याला अंडी घालायला सालीसकट अख्खा दाणा लागतो, फुटलेल्या डाळीवर त्याचं फारसं चालत नाही.

ही डाळ करायची कशी? दहा किलो तूर सहा-आठ तास भिजवायची, निथळायची, साधारण अर्धा किलो लाल मातीचा चिखल करून चोळायचा आणि रात्रभर गोणपाटाखाली ढीग करून ठेवायचा. मग तीन-चार दिवस कडक ऊन. फुगलेली डाळ वाळताना सालीपेक्षा जास्त आकसते, साल सुटी होते. माती चाळून टाकली की जात्यावर भरडायचं. जात्याची पाळू, म्हणजे वरचा दगड, फार टेकलेली असेल तर कण्या पडतात, फार उचललेली असेल तर दाणा तसाच निसटतो. पहिली मूठ भरडून बघूनच पुढचं घालायचं. दुसरी रीत तेलाची: जात्यावर नुसतं खरडून पन्नास ते शंभर ग्रॅम तेल चोळायचं, ऊन द्यायचं, संध्याकाळी पाण्याचा हबका मारून ढीग करायचा, परत वाळवून भरडायचं. मातीची डाळ देखणी, पण शिजायला वेळ घेते. तेलाची लवकर शिजते, तुकडा मात्र जास्त. दहा किलोतून सात किलो हाती आली तर हात चांगला म्हणायचा. टरफल आणि चुनी गाईला.

संत्र्याची झाडं असतील त्या घरी यात आंबिया बहाराच्या, म्हणजे आंब्याच्या मोहोरासोबत फुलणाऱ्या बहाराच्या, पाण्याची भर. पाणी बुंध्याला लागू न देता दुहेरी आळ्यातून (एकात एक अशा दोन गोल आळ्यांतल्या बाहेरच्यातून) द्यायचं, नाहीतर डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, येतो.

आणि कुरोड्या. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. या उन्हात एक दिवस चुकला की वास मारतो. वाटून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा, वरचं पिवळसर पाणी ओतून टाकायचं. जितका चीक तितकं पाणी, त्यात मीठ. उकळी आली की एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं हात न थांबवता घोटायचं. एकटीनं केलं की गुठळ्या. शिजलेला चीक चकाकतो, ओल्या बोटाला चिकटत नाही. कच्चा राहिला तर वाळताना कुरोडी तुटते, तळल्यावर फुलत नाही. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. थंड चीक दाबायला दोन माणसं लागतात. सकाळी आठच्या आत घातल्या तर संध्याकाळी कडा सुटतात, तेव्हा उलटायच्या. दुसऱ्या दिवशीचं ऊन पूर्ण द्यायचं. मध्येच आभाळ आलं तर ओल्या कुरोड्या डब्यात न भरता घरात खाटेवर सुट्या पसरून ठेवायच्या.

या सगळ्यात कावळे, शेळ्या, कोंबड्या हाकत बसायचं काम आजीकडे किंवा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराकडे. त्याची मजुरी कुणी धरत नाही, पण राखणदार अर्धा तास उठला तर शेळी दोन दिवसांचं काम फस्त करते.