तीनशे ते तीन हजार: वाईनच्या बाटलीतला पैसा

नमस्कार. मी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी. गेली चौदा वर्षं वायनरीत काम करते. सुरुवातीची काही वर्षं प्रयोगशाळेत गेली, नंतरची पिंपांच्या आणि टाक्यांच्या मधे. त्यामुळे बाटली हातात आली की मला बागही दिसते आणि दुकानाचं काउंटरही. "आमच्या बजेटमध्ये चांगली वाईन कोणती?" हा प्रश्न मला लग्नसमारंभात विचारतात, रेल्वेत विचारतात, आणि आज तुम्ही त्यासाठी मुद्दाम बोलावलंत. त्याचं उत्तर मी पैशांपासून सुरू करते, कारण चवीबद्दल मतभेद होतात, हिशेबाबद्दल कमी होतात.

७५० मिलीची एक बाटली भरायला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. किलोला साठ रुपये भाव धरू, म्हणजे पंचाहत्तर रुपयांची द्राक्षं. काच, झाकण, लेबल, खोका यांचे पन्नास-साठ धरू. मग टाक्या थंड ठेवण्याची वीज, मजुरी, ट्रक, सरकारचा कर, वितरकाचा वाटा, दुकानदाराचा वाटा. आता बघा, साडेतीनशेच्या बाटलीला आणि सातशेच्या बाटलीला काच जवळपास तीच लागते. ट्रकचं भाडं तेच, झाकण तेच. मग साडेतीनशेत बसवायचं तर कात्री कुठे लागते? द्राक्षाला लागते. एकरी भरमसाट माल काढलेल्या बागेतली, पाणी जास्त आणि चव कमी अशी द्राक्षं घ्यावी लागतात, आणि राहिलेली उणीव गोडीने झाकावी लागते. उलट सातशेची बाटली घेतलीत तर वरच्या साडेतीनशेतला बराच भाग थेट द्राक्षाकडे आणि टाकीतल्या निगराणीकडे जाऊ शकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की या सगळ्या उतरंडीत पहिली पायरी सगळ्यात मोठी आहे. साडेतीनशेवरून सातशेवर जाताना जेवढा फरक पडतो, तेवढा दोन हजारांवरून चार हजारांवर जाताना पडत नाही.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून गेल्या दिवाळीत घरी करून पाहिलं. चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मानेला रबर लावलं, वर आकडे लिहिले. मामा, मावशी, दोघी वहिन्या आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, असे पाच जण बसले. पहिल्या दोन चेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाच्या होत्या, एक चारशेच्या आतली आणि एक सातशेच्या आसपासची. पाचही जणांनी फरक लगेच ओळखला. मावशी म्हणाली, "ही सरबतासारखी आहे, त्या दुसरीला पेरूचा वास येतोय." पुढच्या दोन शिराझ या काळ्या द्राक्षाच्या, म्हणजे तांबड्या होत्या, एक अकराशेची आणि एक अडीच हजारांची. तिथे घरात दोन तट पडले आणि शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तुम्हीही हे करून पहा. एकाच जातीच्या द्राक्षाच्या, शेजारच्या किमतीच्या दोन बाटल्या घ्यायच्या आणि झाकून प्यायच्या. आपली जीभ कुठपर्यंत फरक ओळखते ते एकदा कळलं की त्यापलीकडे पैसे घालायचे की नाही, हे आपलं आपण ठरवता येतं.

अण्णांचं नाव निघालं म्हणून सांगते. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली, विंचूरला वाईन पार्क आला, आणि आमच्या भागात वाईन द्राक्षाची हवा झाली. अण्णांनी दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून शिराझ लावलं. २००८ नंतर मंदी आली, माल अंगावर पडू लागला, आणि ज्यांच्याशी आमचा करार होता त्यांनी द्राक्षं उचलायला नकार दिला. शिराझचा मणी लहान, जाड सालीचा, आत बिया. खायला बाजारात कोणी घेत नाही. घड वेलीवर सुकले. पुढच्या वर्षी अण्णांनी बाग उपटली. ट्रॅक्टरला दोर बांधून वेली ओढत होते आणि आई ओट्यावरून उठली नाही. तेव्हापासून सर्वांत स्वस्त बाटलीकडे मला समाधानाने बघता येत नाही. ती भरताना शेतकऱ्याच्या हातात किती पडलं असेल, ते मला मनातल्या मनात मोजता येतं.

तरी पाचशेच्या आत घ्यायचीच असेल तर? गोव्यातून लोक हौसेने 'पोर्ट' आणतात. ती गोड, वरून मद्यार्क घालून कडक केलेली वाईन असते. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातल्या मूळ पोर्टशी तिचं नावापुरतं नातं आहे. आवडत असेल तर फळं घालून, थंड करून जरूर प्या. पण माझा सल्ला वेगळा आहे. पाचशेच असतील तर स्वस्त वाईनची मोठी बाटली सोडा आणि चांगल्या वाईनची ३७५ मिलीची अर्धी बाटली घ्या. दोघांना जेवणासोबत ती पुरते.

आता सहाशे ते हजार. माझं मन इथे सगळ्यात जास्त रमतं. या पट्ट्यात आपल्याकडची पांढरी वाईन घ्या, तांबडी नाही. कारण सांगते. पांढऱ्या वाईनला पिंप लागत नाही, दोन-दोन वर्षं थांबावं लागत नाही. जानेवारीत खुडलेली द्राक्षं त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुमारास बाटलीत येऊ शकतात. वायनरीचा पैसा अडकून राहत नाही, म्हणून कमी किमतीतही ती प्रामाणिकपणे करता येते. दुसरं कारण आपल्या हवेत आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्यात फळ देते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी करतो, आणि फळ हिवाळ्यात पिकवून घेतो. निफाडचा पारा किती उतरला हे तुम्ही दर जानेवारीत पेपरात वाचता. ती थंडी द्राक्षातला आंबटपणा राखते. दिवसा ऊन साखर भरतं आणि रात्र आंबटपणा सांभाळते.

खुडा आम्ही पहाटे चारला सुरू करतो, डोक्याला बॅटरी बांधून. घड इतके गार असतात की बोटं बधिर होतात. एक मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकायचा आणि डोळा लावून साखर बघायची. पण मी बी चावूनही बघते. बी हिरवी आणि तुरट असेल तर तांबड्या वाईनसाठी घड अजून थांबायला हवेत, साखर कितीही चढलेली असो. तपकिरी होऊन कडकन फुटली तर द्राक्ष खरं पिकलं. आपल्या उन्हात साखर भरभर चढते, बी आणि साल मागे राहते. तांबड्या वाईनची खरी अडचण ही आहे. थांबायचं म्हणजे जोखीम घ्यायची, त्यात उत्पादन कमी ठेवायचं, आणि हे सगळं सहाशे रुपयांत बसवणं फार कठीण आहे. चेनिन ब्लांकचं तसं नाही. मूळची फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली ही जात, पण उन्हात आंबटपणा सोडत नाही, म्हणून दक्षिण आफ्रिकेतही रुजली आणि नाशिकलाही. नाशिकच्या सुला वायनरीने २००० साली पहिल्या वाईन बाजारात आणल्या त्यात चेनिन आणि सॉविन्यों ब्लांक होत्या, आणि आज इथल्या बहुतेक वायनऱ्या या दोन्ही करतात. सॉविन्यों जास्त कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, तिला हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास. चेनिन थोडी मऊ, बरेचदा किंचित गोडसर.

तो गोडसरपणा आपल्या जेवणाला फार उपयोगी पडतो. तिखटाबरोबर तांबड्या वाईनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात. दोन हजारांची कॅबरने सॉविन्यों ही तांबडी वाईन तांबड्या रश्श्याबरोबर प्यायलात तर ना रस्सा कळेल ना वाईन. तिथे सातशेची गार चेनिन घ्या. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, सुरमईचा तळलेला तुकडा, सगळ्यांशी तिचं जमतं.

हजार ते दोन हजारांत मात्र तांबडीकडे वळा. दिंडोरी भागातली शिराझ, अकलूजजवळ फ्रातेली वायनरीने लावलेली सांजोवेझे ही इटालियन जात, बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांची 'ला रिझर्व्ह' ही कॅबरने-शिराझ. या पट्ट्यात लेबलवर 'रिझर्व्ह' किंवा 'ओक' दिसेल, तर त्याचाही हिशेब माहीत हवा. ओक या लाकडाचं, वाईन मुरवायचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्यांचं. फ्रेंच ओकचं नवं पिंप पंचाहत्तर-ऐंशी हजारांच्या खाली सहसा येत नाही. भागून पहा, फक्त लाकडाचे बाटलीमागे निदान अडीचशे रुपये झाले. मग सहाशेच्या तांबड्या वाईनवर 'ओक' लिहिलेलं असेल तर ते नवं फ्रेंच पिंप नक्कीच नाही. जुनं पिंप असेल, नाहीतर टाकीत सोडलेल्या ओकच्या पट्ट्या किंवा चिपा असतील. त्यात फसवणूक नाही, जगभर तसं करतात. पण व्हॅनिलाचा वास आला म्हणून दोनशे रुपये जास्त देऊ नका. आणि 'रिझर्व्ह' या शब्दाला आपल्याकडे कायद्याचा आधार नाही, स्पेनमध्ये आहे. तिथे त्या शब्दामागे किती महिने मुरवायचं याचे नियम आहेत. आपल्याकडे तो शब्द उत्पादकाच्या भरवशावर चालतो.

जड बाटलीचंही तसंच. हातात घेतली की भारदस्त वाटते, बुडाला खोल खळगा असतो. त्या काचेचे पैसे आपणच देतो.

याच पट्ट्यात एक गोष्ट आहे जिचं मोल लोकांना पुरेसं कळलेलं नाही, आणि ती म्हणजे आपली फेसाळ वाईन. शॅम्पेनच्या पद्धतीत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, वाईन महिनोन् महिने आंबवण करून मेलेल्या यीस्टवर पडून राहते, मग बाटली उलटी करून गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची आणि तो काढून टाकायचा. हे सगळं काम दिंडोरीच्या शांदों वायनरीत होतं, सुलामध्येही होतं. फेसाळ वाईनला द्राक्ष कमी साखरेवर, जास्त आंबट असताना खुडावं लागतं, म्हणजे आपल्या उन्हाची अडचण इथे आडवी येत नाही. दीड हजाराच्या आसपास ही मेहनत मिळते. आयात शॅम्पेनला त्याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात. घरात पन्नासावा वाढदिवस असेल, तर मी डोळे मिटून हीच घेईन.

परदेशी वाईनबद्दल थोडक्यात. कैक वर्षं आयात शुल्क १५० टक्के राहिलं. तिकडे तीन युरोला मिळणारी साधी बाटली शुल्क, कर आणि नफे चढत चढत इथे दीड हजारांच्या आसपास पोचते. म्हणजे तुमच्या दीड हजारात तीन युरोचीच वाईन आहे. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात महागड्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतंय, आणि तेही किमान किमतीच्या अटीवर. त्यामुळे दोन हजारांच्या आत मी देशीच घेते. परदेशी घ्यायची तर तीन हजारांच्या पुढे घ्यावी, किंवा विमानतळावरून येणाऱ्या माणसाला सांगावं. पुण्या-मुंबईच्या घरांत हल्ली कोणी ना कोणी तिकडे असतंच.

दोन हजारांच्या वर देशी वाईन घ्यायची तर ठिकाण आणि साल वाचून घ्या. फ्रातेलीची सेत्ते, सुलाची रासा, अशा बाटल्यांमागे खरी मेहनत आहे. पण नेहमीसाठी नको, आणि त्या मुरवून ठेवायला घरात गार जागा हवी.

जागेवरून शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एका दुकानातून माझीच आवडती बाटली घेतली. ती काचेच्या खिडकीत उभी होती, समोर ऊन. घरी आल्यावर पाहिलं तर बूच अर्धा मिलिमीटर वर आलेलं, मानेला चिकट ओघळ. वाईन शिजलेल्या मनुकांसारखी लागत होती. वाईन करणाऱ्याचं वर्षभराचं काम तीन आठवड्यांच्या उन्हाने संपवलं होतं. तेव्हापासून मी आधी दुकान बघते. एसी आहे का, बाटल्या आडव्या आहेत का, माल हलतो का. मागच्या लेबलवर बाटलीबंद केल्याची तारीख शोधते. हजाराच्या आतली पांढरी असेल तर यंदाच्या किंवा गेल्या वर्षीच्या खुड्याचीच घ्या, तीन वर्षं जुनी सवलतीत मिळाली तरी नको. आणि फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. आपल्या उष्णतेत ते बुचापेक्षा भरवशाचं आहे.

आज इथे सहा बाटल्या गुंडाळून आणल्यात. पांढऱ्या सकाळपासून फ्रीजमध्ये होत्या, तांबड्या वीस मिनिटांपूर्वी ठेवल्या, कारण आपल्या खोलीचं तापमान म्हणजे फ्रान्समधल्या खोलीचं तापमान नव्हे. प्रत्येकाने कागदावर आकडा आणि मनातली किंमत लिहायची, शेजाऱ्याचं बघायचं नाही. मधे पाणी आणि भाजलेले शेंगदाणे आहेत. एक नंबरची बाटली डावीकडून फिरवते.